फिरत्या पाटीवरची तारीख

आमच्या वाडीत सात घरं होती आणि त्यातलं सहावं आमचं. हे ‘आमचं’ म्हणता यावं म्हणून मी दोन वर्षं भांडलो. घर भाड्याचंच होतं, भांडण त्याच्यासाठी नव्हतं. वाडीच्या यादीत आमचं नाव यावं एवढ्यासाठी होतं. ते आलं. पुढे काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे एवढंच मला पुष्कळ झालं.

मी जपानमध्ये, त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत सर्व्हर सांभाळतो. आधी आम्ही तिथेच, गावात राहायचो. आखीव रस्ते, सायकलींच्या वेगळ्या वाटा, दर दोन चौकांआड एक कोम्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडं दुकान. मला चालण्यासारखं होतं. बायकोला मात्र तिथे दवाखान्यात राहिल्यासारखं वाटायचं. तिला माती हवी होती. शेवटी मोटारीने अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या मधोमध एक रिकामं घर मिळालं. मालक वारला होता आणि त्याच्या मुलांनी कपाटातल्या वाट्या-कपांसकट घर सोडून दिलं होतं. आम्ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलो. फोटो पाहून पुण्याहून मेहुण्याने लिहिलं, ‘हे तर फ्रान्समधलं खेडं वाटतंय, कॅलेंडरवर असतं तसं.’ त्या कॅलेंडरवाल्याला एकदा जुलैतल्या उन्हात इथल्या बांधावरचं गवत कापायला उभं करायला हवं.

सात घरांत मिळून अकरा माणसं. आमची मुलगी सोडली तर सगळ्यांत तरुण आम्ही दोघं, आणि मी पंचेचाळिशीचा. शेजारी हसून वाकायचे, दारात मुळे-वांगी ठेवून जायचे. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, काय माणसं आहेत.

मग मला पाटी दिसली.

या वाड्यांमध्ये एक फिरती पाटी असते. साधी क्लिप लावलेली पाटी, तिच्यात सूचनांचे कागद अडकवलेले. कालव्याची सफाई कधी, कचऱ्याचे दिवस कुठले बदलले, म्हाताऱ्यांची तपासणी कुठे, कुणाची मांजर हरवली. सगळ्यांत वर घरांची यादी. आपल्याकडे पाटी आली की वाचायची, नावासमोर शिक्का मारायचा, शेजारी तारीख घालायची आणि ती त्याच दिवशी पुढच्या घरी न्यायची. वाडीप्रमुखाची पाळी वर्षावर्षाने फिरते, पाटीचा क्रम मात्र कायम, पहिल्या घरापासून शेवटच्यापर्यंत. एकदा अंगणात उभा असताना मी पाहिलं, की आमच्या आधीच्या घरातल्या आजी पाटी छातीशी धरून आमच्या फाटकावरून पुढे गेल्या, शेवटच्या घरातल्या आजोबांकडे. माझ्याकडे बघून वाकल्या आणि गेल्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

मी पुण्याचा, पाट्यांच्या गावातला माणूस, मला ते झोंबलं. त्या वर्षीच्या वाडीप्रमुखांकडे मिठाईचा डबा घेऊन गेलो आणि विचारलं. ते म्हणाले, “वाचायला तुम्हाला जड जाईल. तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून.” त्रास नको! मार्चमध्ये कालव्यातला गाळ उपसायला मला बोलावताना कुणाला माझ्या त्रासाची आठवण झाली नव्हती. गुडघाभर चिखलात मी चालतो, कागद वाचायला चालत नाही. हे सगळं मी मराठीत, परतताना, मोटारीत बोललो. तिथे मी फक्त “समजलं, धन्यवाद” म्हणालो.

टोकियोजवळ इचिकावाला राहणारा माझा जुना सहकारी फोनवर हसला. “अरे, लोक सोसायटीच्या ग्रुपमधून एक्झिट करायला बघतात आणि तू आत घुसायला भांडतोयस? इकडे ये. शेजारी कोण राहतं ते मला चार वर्षांत माहीत नाही. टोटल पीस.”

मला पीस नको होतं. मला मोजलं जायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गाळ उपसला, पुन्हा गवत कापलं, देवळाच्या उत्सवात त्यांचा निळा सदरा घालून ओझं वाहिलं आणि पुन्हा विचारलं. त्या वसंतात पाटी आमच्या दारी आली. यादीत पाचव्या आणि शेवटच्या नावाच्या मध्ये आमचं आडनाव, परक्या नावांसाठी जपानीत वेगळी अक्षरं असतात त्यांत, बारीक पेनाने घुसडलेलं. मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आईने हात जोडलेले पाठवले.

पाटी आणायच्या त्या पाचव्या घरातल्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत पूर्ण वाकलेल्या. पाटीवर नेहमी काहीतरी ठेवलेलं असायचं, दोन काकड्या, चार भेंड्या. आमची मुलगी शाळेतून येताना त्यांच्या ओसरीवर तासभर बसून यायची. अलीकडे त्या विसरायला लागल्या होत्या. एकच गोष्ट दोनदा सांगायच्या, एकाच दिवशी दोनदा काकड्या आणायच्या. वाडीत त्याची कुजबुज होती. पण पाटी कधी चुकली नाही. पाटी आली की त्या चपला सरकवायच्याच.

आणि आमच्यानंतरचे, सातव्या घरातले आजोबा. बायको गेलेली, कानांनी अधू, बोलणं जेवढ्यास तेवढं. परसातल्या चेस्टनटच्या झाडाखाली त्यांच्या देशी मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. विकत आणलेल्या नाहीत; रानातून मोहोळ उठलं की पाठलाग करून, पेटीत बसवून वाढवलेल्या. संध्याकाळी ते एक क्रेट उपडं टाकून पेट्यांसमोर बसायचे. भाताला लोंब्या आल्या की इथे ड्रोनने कीडनाशक फवारतात. त्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा पेट्या छोट्या ट्रकवर चढवून डोंगराकडे नेऊन ठेवत आणि दोन दिवसांनी आणत. फवारणीची तारीख पाटीवरून कळायची. लाउडस्पीकरवरही सांगत, पण आजोबांच्या कानांना तो नसल्यासारखाच.

त्या वर्षी फवारणी सोमवारी होती. पुढे पावसाचा अंदाज आला म्हणून ती शनिवारी पहाटेवर आणली. तशी चिठ्ठी पाटीवर सगळ्यांत वर लावली होती, लाल कागदावर. हे मला नंतर कळलं.

गुरुवारी संध्याकाळी पाचला आजी आल्या. मी घरूनच काम करत होतो, एक मीटिंग चालू होती. पाटी, वर दोन काकड्या. त्यांनी लाल कागदावर बोट ठेवून काहीतरी सांगितलं, त्यातला ‘लवकर’ एवढा शब्द मला समजला. मी मान डोलावली. घरात जपानी वाचणारी एकटी आमची मुलगी. ती शाळेच्या सहलीला गेली होती, रविवारी येणार होती. भाषांतरासाठी फोन त्या कागदासमोर धरला असता तरी दोन मिनिटांत कळलं असतं. धरला नाही.

मीटिंग संपल्यावर पाटी उचलून निघालो, तर बायको म्हणाली, “असाच चाललास? उद्या नागपंचमी आहे. मी पुरणाचे दिंड करणारच आहे. उद्या ने, गरम गरम. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात रिकाम्या हाताने काय जायचं?”

यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. मीही अशाच घरात वाढलो. वडीलधाऱ्यांकडे जाताना हातात काहीतरी असावं, सणाच्या दिवशी तर असावंच. शिवाय आजोबांनी वसंतात मधाची बाटली दिली होती, ती फेडायची राहिली होती. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं. नुसती पाटी तर सगळेच नेतात. आम्ही पाटीबरोबर आमचा सण नेणार होतो. मी पाटी चपलांच्या कपाटावर ठेवली.

शुक्रवारी बायकोने घरात सुरी चालू दिली नाही, तवा चढवला नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, मातीत कुदळ घालायची नाही, जिवाला इजा करायची नाही. तिची आई पाळायची, म्हणून ही पाळते. चण्याची डाळ शिजवून, टोकियोहून आणलेला गूळ घालून पुरण केलं, कणकेच्या पारीत घड्या घालून दिंड वाफवले. मला ऑफिसातून यायला उशीर झाला. आजोबा सातलाच झोपतात, त्यांच्याकडे अंधार होता. “सकाळी ने,” ती म्हणाली. “पुन्हा वाफवून देते.”

पहाटे कसलीतरी घरघर ऐकू आली. मी कूस बदलली.

नऊ वाजता निघताना शिक्का मारला आणि तारीख घालायला पेन उचललं. गुरुवारची घालायला हवी होती. पण गुरुवारची तारीख आणि शनिवारी पाटी पोचवतोय, म्हणजे दोन दिवस बसवून ठेवली असं दिसलं असतं. एवढं भांडून नाव लावून घेतलं आणि चार महिन्यांत ढिलाई? मी शनिवारची तारीख घातली. सुवाच्य. तेव्हा मला लाल कागदात काय आहे ते माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ती तारीख खोटी आहे हे मला माहीत होतं.

आजोबा क्रेटवर बसले होते. पेट्यांसमोर जमिनीवर तपकिरी थर होता. मला आधी वाटलं, भुसा सांडलाय. जवळ गेलो तेव्हा त्यातलं काहीकाही हलत होतं. मूठमूठ माश्या उताण्या पडून पाय झाडत होत्या, पेटीच्या तोंडातून आणखी काही सरपटत बाहेर येऊन त्यांच्यावर पडत होत्या. मी खुळ्यासारखा हातात डबा घेऊन उभा. आजोबा उठले, दोन्ही हातांनी पाटी घेतली, वाकले. डबा घेतला, पुन्हा वाकले. मग चष्मा लावून वरची चिठ्ठी वाचली.

“आजच होतं का,” ते म्हणाले. एवढंच. मग डब्याकडे बघून म्हणाले, “नेहमी तुम्हाला त्रास होतो. धन्यवाद.”

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. उरलेले दिंड तिने झाकून ठेवले ते तसेच राहिले, कुणी खाल्ले नाहीत.

आजोबांनी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं, मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण पुढच्या रविवारी सगळे गवत कापायला जमलो, तेव्हा त्या वर्षीचे वाडीप्रमुख पाटी घेऊन आले. चौथ्या घरातले, पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, पत्त्यावर पत्र न पोचणं हा त्यांच्या लेखी गुन्हा. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. फक्त यादी उघडून आजींपाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमचा शिक्का गुरुवारचा आहे. पुढच्या घरी पाटी शनिवारी पोचलेली दिसते. मध्ये काही अडचण आली होती का?”

मी तीन हातांवर विळा घेऊन उभा होतो.

आजींनी यादी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला विसरता येत नाही. त्या आठवायचा प्रयत्न करत होत्या. आमच्या दारात उभं राहून लाल कागदावर बोट ठेवलेलं त्यांना आठवत असणार, अंधूक का होईना. आणि समोर कागद तर वेगळंच सांगत होता. त्यांनी स्वतःवर नाही, कागदावर विश्वास ठेवला. “विसरले असेन,” त्या म्हणाल्या. “हल्ली विसरते मी.” मग आजोबांसमोर जाऊन, मुळातच वाकलेल्या कमरेतून आणखी वाकून त्यांनी माफी मागितली. आजोबा “छे, छे” म्हणत हात हलवत राहिले.

‘गुरुवारीच दिली होती, चूक माझी.’ जपानीत हे वाक्य पाचवीतलं पोरही सांगेल. मी ते मनात जुळवलंही होतं, क्रियापदासकट. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी मूग गिळून गवत कापायला लागलो. त्या दिवशी सगळ्यांत जास्त गवत मी कापलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, कारण ते पोटात राहीना. ती म्हणाली, “मग आता जाऊन सांग.”

“सांगून काय होणार? माश्या परत येणार आहेत?”

“माश्यांचं नाही म्हणत मी. त्या बाईंना वाटतंय की आपलं डोकं चालत नाही.”

“ते तसंही चालत नाहीच,” मी म्हणालो. हे मी म्हणालो. “आणि नाव कट होईल आपलं. दोन वर्षं घासलीत मी. तुझ्याच दिंडांपायी झालं ना हे सगळं? तूच जाऊन सांग.”

तिने हात पुसले. मग म्हणाली, “माझं जपानी तेवढं नाही. पोरीला बरोबर न्यावं लागेल. तिच्या तोंडून वदवू मी, की तुझा बाप खोटं बोलला?”

नाही वदवलं. ती गेली नाही, मीही गेलो नाही. आठ दिवस गेले, महिना गेला. दिवसागणिक सांगणं जास्त अवघड होत गेलं आणि न सांगणं जास्त सोपं. आमच्यात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. इतर गोष्टींवरचं बोलणंही तेव्हापासून कमीच झालं.

आजी मात्र बदलल्या. पाटी आली की हातात धरून दारात उभ्या राहायच्या. मारला का शिक्का, घातली का तारीख, पुन्हा पुन्हा बघायच्या. आमच्याकडे पाटी दिली की परत जाऊन पाच मिनिटांनी पुन्हा यायच्या. “दिली ना मी तुम्हाला?” मी म्हणायचो, “दिलीत.” त्या हुश्श करायच्या. काकड्या आणायचं बंद झालं, कारण काकड्यांच्या नादात पाटी विसरायला नको. रस्त्यात कुणी भेटलं की स्वतःच सांगायच्या, माझ्यामुळे त्यांच्या माश्या गेल्या.

नोव्हेंबरात त्यांचा मुलगा चिबाहून आला. आईला एकटं ठेवणं आता बरोबर नाही, पाटीचाही तो प्रकार झाला, वाडीला किती त्रास द्यायचा, म्हणून तिकडे वृद्धांच्या निवासात जागा घेतली होती. दोघं घरोघर निरोप घ्यायला आले, प्रत्येक घरी टॉवेलचं एकेक खोकं. आमच्या दारात मुलगा म्हणाला, “आईमुळे तुम्हालाही अडचण झाली. नवीन असून सांभाळून घेतलंत.” शेजारी आजी खाली बघून उभ्या होत्या. मी खोकं दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकलो. आता इतकं वाकणं मला छान जमतं.

रात्री जेवताना मुलगी जपानीत म्हणाली, “आजी सगळं विसरायला लागल्या होत्या ना, म्हणून त्यांना जावं लागलं. पाटी पण विसरल्या होत्या.” बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मुलीला भात वाढला.

आजोबांनी पेट्या धुऊन, वाळवून, गोठ्यावजा खोलीत रचून ठेवल्या. दुसरं मोहोळ धरायला रानात धावणं या वयात होणार नाही, असं त्यांनी चौथ्या घरातल्या पोस्टमनना सांगितल्याचं कळलं. त्यांच्याकडे पाटी घेऊन मी आता पाचव्या मिनिटाला जातो. रिकाम्या हाताने.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पोस्टमन आमच्याकडे आले, पायरीवर टेकले, चहा घेतला. त्यांचं वर्ष संपलं होतं. “पाळी खरं तर आजींची होती,” ते म्हणाले. “आता ती तुमच्याकडे येते. आम्ही सगळे बोललो, कुणाची हरकत नाही. तुमचं काम नेटकं असतं, तारखासुद्धा स्पष्ट. तुमच्यासारखी घरं वाडीत आली, आम्हाला आधार झाला.” त्यांनी पाटी पुढे केली. सबंध वाडीचा प्रमुख मी. नाही म्हणायला तेव्हाही जागा होती. सांगायलाही होती, ते माझ्यासमोर बसले होते, चहा पीत होते, घाईत नव्हते. मी हो म्हणालो.

नव्या प्रमुखाने पहिलं काम करायचं ते नवी यादी. माझी अक्षरं पोरकट दिसतात म्हणून मुलगी म्हणाली, मी लिहून देते. तिचा हात इथल्या मुलांसारखा वळणदार आहे. जेवणाच्या टेबलावर तिने कोरा कागद घेतला, जुनी यादी शेजारी ठेवली आणि वरून एकेक नाव उतरवायला लागली. चार नावं झाल्यावर थांबली.

“बाबा,” ती जपानीत म्हणाली, “आजींचं गाळायचं ना?”

बायको ओट्याशी पाठमोरी होती. तिचे हात थांबले.

“हो,” मी म्हणालो. “गाळ.”

तिने गाळलं आणि आमचं नाव लिहायला घेतलं.